बिजलीची नखं

"हात दाखवा," शिरगावकर मॅडम म्हणाल्या.

हिंदुराव वस्तादांनी हात काही दाखवला नाही. ते अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरी ओलांडली होती, पण बाज त्यांच्याखाली अजून कुरकुरत होती. कुस्तीत चुरगळून गेलेले कान, मान आणि खांदा यांच्यात फारसा फरकच नाही, आणि उजवा हात मांडीखाली दडवलेला. चोरून गूळ खाल्लेल्या पोरानं मूठ लपवावी तसा.

"तुमी जनावरांच्या डाक्टर न्हवं?" ते म्हणाले. "मग मांजर बगा की. माजा हात कशाला?"

"मांजर नंतर. आधी हात."

मी मॅडमच्या मागे औषधांची बॅग धरून उभी होते आणि जमीन पोटात घेईल तर बरं, असं मनात म्हणत होते. पदवी घेऊन मी नुकतीच त्यांच्या दवाखान्यात लागले होते. कोल्हापुरात वाढलेल्या पोरीला हिंदुराव वस्ताद कोण हे सांगायला लागत नाही. ते रस्त्यानं निघाले की भलेभले स्कूटर बाजूला लावून पाया पडायचे. आणि आमच्या मॅडम, जेमतेम त्यांच्या छातीला लागतील एवढ्या, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

शेवटी वस्तादांच्या मुलानंच, विश्वासनं, वडिलांचं मनगट धरून हात वर केला. "दाखवा आबा. लपवून काय हुतंय?"

मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. काही जुने, पांढरे पडलेले. काही ताजे. एका ठिकाणी पट्टी होती आणि तिच्यातून रक्त उमटलं होतं.

"हे परवाचं हाय," विश्वास म्हणाला. "आबांच्या काळजाची झडप बदलल्या, बाई. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आता जन्मभर. तुमाआमाला ओरखडलं तर आपण फुंकर मारून सोडून देतो. आबांचं रक्त थांबतच न्हाई. मागं एकदा अख्खा टॉवेल भिजला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलवून सांगितलंय, एक तर मांजर काढा, न्हाईतर तिची नखं काढा."

"आणि तुम्ही नखं काढायचं ठरवलंत."

"उद्या सकाळी मगदूम डॉक्टर येऊन घेऊन जाणार हायत तिला. सगळं ठरलंय." विश्वासच्या आवाजाला धार आली. "तुमी कशाला आलाय तेच मला कळंना."

त्याचं चूक नव्हतं. आम्ही कशाला आलो ते सांगायलाच हवं.

त्या वर्षांत आमच्या गावात फ्लॅट उभे राहत होते, आणि फ्लॅटमध्ये सोफे आणि त्या सोफ्यांवर लांब केसांची परदेशी मांजरं. हौसेनं आणलेली मांजरं सोफ्याला नखं लावायची. मग मालक मांजर घेऊन आमच्याकडे. 'हिची नखं कायमची काढून टाका, पैसे किती ते सांगा.' मॅडम त्यांना दार दाखवायच्या. ते दुसऱ्या दवाखान्यात जायचे. कितीतरी देशांत या शस्त्रक्रियेवर बंदी आहे, आपल्या गावात आपणच का घालू नये, हे मॅडमनी डोक्यात घेतलं आणि मग त्यांनी कुणाला सोडलं नाही. गावातल्या प्रत्येक पशुवैद्याच्या दवाखान्यात जाऊन बसल्या, साखर जास्त झालेला चहा प्यायल्या आणि एकेकाकडून शब्द घेतला. हे काम कुणीच करायचं नाही. एकानं जरी केलं तरी बाकीच्यांच्या नकाराला काही अर्थ राहणार नव्हता.

सगळ्यांनी शब्द दिला. राहिले एकटे डॉ. अजित मगदूम. माणूस वाईट नव्हता, उलट शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं. सगळे जमलो तेव्हा ते सरळ म्हणाले, "मॅडम, सोफ्यासाठी मी पण नाही करणार. पण हिंदुराव वस्तादांचं काय? त्यांना एक ओरखडा महागात पडतोय. त्यांच्यापुरती सूट ठेवा."

"एकाला सूट दिली की उद्या प्रत्येक सोफेवाला आपल्या आजोबांचं नाव पुढं करील."

"मग तुम्ही जा. वस्तादांच्या तोंडावर सांगा, मांजर सोडा म्हणून. ते हो म्हणाले तर माझाही शब्द घ्या."

 मगदूम लहानपणी वस्तादांच्याच तालमीत होते, त्यामुळे आपण काय बोलतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि मला म्हणाल्या, "स्मिता, उद्या दवाखाना जरा उशिरा उघडू."

म्हणून आम्ही त्या अंगणात उभ्या होतो. वस्तादांना पुढे काही झालं असतं तर सगळ्या गावानं मॅडमच्या नावानं बोटं मोडली असती, हे मला कळत होतं. मॅडमना तर माझ्याआधी कळलेलं असणार.

"मांजर कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

ती भिंतीवर होती. गावठी, राखाडी पट्ट्यांची, एका कानाचा कोपरा गेलेला. वस्तादांच्या बायकोनं, सगळे आक्का म्हणायचे त्यांना, तिला डोळेही न उघडलेली असताना गोठ्यातून पदरात घालून आणली होती. पुढे आक्का गेल्या आणि पिल्लू वस्तादांकडे राहिलं. बिजली हे नाव वस्तादांचं.

"विश्वासराव, तुम्हाला कधी ओरखडलंय हिनं?"

विश्वासनं आठवून पाहिलं. "न्हाई."

"तुमच्या मिसेसना? मुलांना?"

"न्हाई, तसं कुणालाच न्हाई."

"मग यांनाच का?"

आम्ही तिघांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद जास्वंदीच्या झाडाकडे बघत होते. त्या झाडात बघण्यासारखं काही नव्हतं.

"वस्ताद?"

"आता मला काय ठावं, बाई. जनावर हाय."

घात केला तो बिजलीनंच. भिंतीवरून तिनं उडी टाकली, चालत बाजेसमोर आली आणि पोट जमिनीला लावून दबा धरला. मागचा भाग इकडून तिकडे हलत होता आणि नजर वस्तादांच्या उजव्या हातावर खिळली होती.

वस्तादांनी मुलाकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं. आणि मग एवढा मोठा माणूस, पण त्याला मोह आवरला नाही. आम्ही थांबवायच्या आत त्यांनी मांडीवर असा शड्डू ठोकला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. वाकून चिमूटभर माती घेतली, थोडी बिजलीच्या पाठीवर टाकली, थोडी स्वतःच्या तळहाताला चोळली आणि हात पुढं केला. बिजलीनं झेप घेतली. त्यांनी मनगट फिरवलं, ती उलटी पडली, चारी पायांनी हाताला विळखा घातला.

"ही बगा, ही ढाक!" वस्ताद ओरडले. "आता पट काढती बगा! आरं माज्या बिजली! कुनी शिकवलं गं तुला, कुनी शिकवलं?"

"बास!" मॅडम ओरडल्या.

वस्तादांनी हिसडा देऊन हात ओढला. नवी लाल रेघ उमटली होती. विश्वास कापूस घेऊन धावला.  "आबा! मी कामावर गेल्यावर रोज हे करताय व्हय तुमी? रोज? आनि मला सांगताय, उगंच लागलं?"

मॅडमनी त्याच्या हातातला कापूस घेतला, वस्तादांशेजारी बाजेवर बसल्या आणि जखम दाबून धरली. 

"कुणी शिकवलं, असं विचारत होता ना," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत. पिल्लू असल्यापासून तुमचा हात म्हणजे आपला जोडीदार, असं ती समजते. ती तुमच्यावर रागावत नाही. वस्तादानं सांगितलं तेवढंच करते. चूक मांजराची नाही, तुमची आहे."

 विश्वासचं तोंड उघडं राहिलं.

वस्ताद हसले. "येवढी वर्सं झाली, मला कुनी चूक म्हनालं न्हवतं. आमची ही सोडली तर."

"उद्या हिचं काय करणार आहेत, सांगितलंय का तुम्हाला कुणी?"

"सांगितलंय की. विश्वास म्हनाला, सुई टोचून निजवत्यात आनि नखं काढत्यात. परत उगवू नयेत म्हनून मुळापासनं."

मॅडमनी त्यांचा दुसरा हात ओढून घेतला. त्यातलं एक बोट निवडलं आणि शेवटचं पेर आपल्या चिमटीत धरलं. "आपलं नख मांसावर बसलेलं असतं. मांजराचं नख हाडातून येतं. ते परत येऊ नये असं वाटत असेल तर हाडच काढावं लागतं. इथून. या सांध्यातून. पुढच्या दोन्ही पायांची सगळी बोटं."

वस्तादांनी मॅडमच्या चिमटीत सापडलेल्या आपल्या बोटाकडे पाहिलं.

"म्हंजी बोटं तोडत्यात?"

"शेवटचं पेर. हो."

"विश्वास, तुला ठावं हुतं हे?"

विश्वास खाली बघत होता. "मगदूम डॉक्टरांनी सांगितलं हुतं. मीच तुमाला सांगितलं न्हाई. तुमी न्हाई म्हणाला असता." मग त्याचा बांध फुटला. "मी काय करू मग? मांजराची बोटं बघू का तुमाला बघू? आई गेली. रोज कामावर असताना फोन वाजला की घरचाच असंल म्हणून काम टाकून पळतोय. तुमाला काय त्याचं!"

मला त्याची फार दया आली. मघापासून मी त्याला मनातल्या मनात खलनायक करून ठेवलं होतं. तो तर नुसता घाबरलेला मुलगा होता.

 वस्ताद मॅडमकडे न बघता म्हणाले, "दर शनवारी तालमीत म्या समद्यांची नखं बगायचो. कुनाचं वाढलं असंल तर त्येला मातीत पाय ठेवू द्यायचो न्हाई. जोडीदाराला लागतंय. कातर माज्या कनवटीला आसायची. रेड्यावानी आडदांड पोरं, पन हात म्होरं करून गप उबी ऱ्हायाची. किती जनांची नखं कापली आसतील म्या." त्यांनी आपला हात सोडवून घेतला. "बोटं न्हाई तोडली कुनाची."

"मग मी तिला गोठ्यावर सोडून येतो," विश्वास म्हणाला. "आजच."

 बिजली वस्तादांच्या पायाच्या घोट्याला टेकून पडली होती.

"आणखी एक वाट आहे," मॅडम म्हणाल्या. "नखं तुम्ही कापत राहायची, टोकं बोथट ठेवायची. ते तुम्हाला जमेल. आणि ही कुस्ती बंद. आजपासून, कायमची. तरीही कधी तिनं हात पकडलाच, तर ओढायचा नाही. झटकायचा नाही. ढिला सोडायचा. तुम्ही ओढता, म्हणून ती नखं रुतवते. समोरच्यानं जोरच लावला नाही तर मांजराला पकडण्यात राम वाटत नाही. ते सोडून देतं."

"त्ये जमायचं न्हाई."

"का?"

"बाई, पकड बसली की ताकद आपसूक येती. ती म्या आनत न्हाई. ल्हानपनापासनं येकच शिकलो, सुटू द्यायचं न्हाई. हात सोडायचा कसा, ते कुनी शिकवलंच न्हाई मला." मग त्यांचा आवाज खाली आला. "आनि ही कुस्ती बी काढून घेतली तर ऱ्हायलं काय वो? डाक्टरनी तालीम बंद केली. मातीत उतरलासा तर मराल म्हनले. आक्का गेली. सकाळी उटल्यावर माज्याशी दोन हात करायला म्होरं उबी ऱ्हाती, ती येवडी येकच."

 मला वाटलं, आता मॅडम विरघळणार. म्हणणार, बरं, थोडं खेळा, जपून खेळा.

त्या विरघळल्या नाहीत. "म्हणजे तिची बोटं जातील, नाहीतर ती जाईल, नाहीतर तुमची कुस्ती जाईल. काय जावं ते तुम्ही ठरवा. दुसरं कुणी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही, मी तर नाहीच."

त्या क्षणी मला त्या दुष्ट वाटल्या. आज वाटतं, त्या अंगणात वस्तादांना वस्ताद म्हणून वागवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आम्ही बाकीचे सगळे त्यांना आजारी म्हातारा समजत होतो.

वस्ताद उठले. "नखं तर कापू," म्हणाले. "त्येवडं दावा."

मॅडमनी बॅगेतून नखं कापायची छोटी कातर काढली. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडून नुसतं पांढरं टोक घ्यायचं, हे एकदाच दाखवलं. मांजराची नखं कापताना दवाखान्यात आम्हा दोघींची त्रेधा उडते, एकीनं टॉवेलात गुंडाळून धरावं लागतं. वस्तादांनी बिजलीला नुसती काखेत घेतली, कोपरानं कुठंतरी असं अडवलं की ती हलली म्हणून नाही, आणि कट कट करत दोन्ही पंजे उरकले. दुखत तर नव्हतंच, ती चक्क घुरघुरत होती.

"धरायचं म्हंजी आवळायचं न्हवं," ते मला म्हणाले. "पोरी, ध्यानात ठेव."

मी ठेवलंय. आजही माझ्या दवाखान्यात मी मांजर तसंच धरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा मगदूम डॉक्टर आधीच आले होते. हातात मांजर न्यायची जाळीची टोपली. त्यांनी वस्तादांच्या पायाला हात लावला आणि मॅडमना नुसता नमस्कार केला.

"ही तुज्याकडं न्हाई यायची, अजित," वस्ताद म्हणाले. "नखं काल कापली म्या."

"वस्ताद, कापून भागत नाही. चार दिवसांत वाढतात. आणि बोथट असली तरी तिनं धरलं आणि तुम्ही हिसका दिला की कातडी फाटणारच. तुमची कातडी आता कागद झालीय वयानं." मगदूम एक पाऊल पुढं आले. "तुम्ही मला पोटच्या पोरासारखं खाऊ घातलंय. उद्या तुम्हाला काही झालं आणि हे मला टाळता आलं असतं असं कळलं, तर मी तोंड कुठं लपवू? मॅडम म्हणतात ते मला पटतं. पण तुमच्याबाबतीत नाही पटत."

"म्हंजी माज्यापायी हिची बोटं तोडनार. आनि मग समद्या गावातल्या मांजरांची."

मगदूमांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"बस तिथं," वस्ताद म्हणाले. तालमीतला आवाज असावा तो, कारण मगदूम टोपलीसकट पायरीवर बसले.

वस्ताद अंगणाच्या मधोमध जमिनीवर बसले आणि उजवी बाही वर सारली.

"बाही खाली घ्या," मॅडम पटकन म्हणाल्या. "वस्ताद, एवढा धोका कशाला? मी असं सांगितलं नव्हतं."

"झाकलेल्या हातानं अजित मानायचा न्हाई. आनि मी बी न्हाई."

त्यांनी हात जमिनीवर पुढं ठेवला. विश्वास कापसाचा गठ्ठा छातीशी धरून उभा होता. मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. आदल्या दिवशी एवढ्या ठामपणे बोललेल्या बाई तो पदरानं पुसतच राहिल्या.

बिजली आली. दबा धरला, मागचा भाग हलवला आणि झेपावली. दोन्ही पंजे मनगटावर बसले, दात अंगठ्याच्या बुडाशी टेकले.

आणि वस्तादांचा दंड फुगला. मी डोळ्यांनी पाहिला तो फुगताना. मानेच्या शिरा ताठ झाल्या. जबडा आवळला. कोपर उचललं जाऊ लागलं. विश्वास "आबा" म्हणाला, पण आवाज फुटला नाही त्याचा. इतक्या वर्षांच्या मेहनतीनं अंगात भिनवलेली ती ताकद होती. तिला परत फिरवायचं म्हणजे काय, हे मला कसं कळणार? कपाळावर घाम आला त्यांच्या. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला. आधी खांदा पडला. मग कोपर जमिनीला टेकलं. मग मनगट सैल झालं आणि शेवटी एकेक बोट.

बिजलीनं धरून ठेवलं. ओढून पाहिलं. मागच्या पायांनी एकदा ढुशी दिली. समोरून काही आलं नाही. तिनं पंजे सोडले, तळहाताला नाक लावलं, नाकानंच हात हलवून पाहिला. परत हलवून पाहिला. मग मान वर करून वस्तादांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन पावलं बाजूला जाऊन अंग चाटत बसली.

मी धावत जाऊन हात पाहिला. मनगटावर दोन पांढरट खुणा होत्या, रक्ताचा थेंब नव्हता. "काही नाही!" मी ओरडले. "मॅडम, काही नाही झालेलं!" आनंदानं मी वस्तादांकडे पाहिलं आणि माझा आनंद तिथंच थांबला. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"सोडला," ते म्हणाले. "पयल्यांदा सोडला."

मोठमोठ्यांना लोळवताना मी वस्तादांना पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच्या त्या गोष्टी. पण तिथं, त्या अंगणात, त्यांनी जे केलं त्याहून मोठं काही मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. मॅडम त्यांच्यासमोर वाकल्या आणि पाया पडल्या. कुणाच्या पाया न पडणारी बाई ती. वस्ताद म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. ल्हान हायसा, पन लई कडक वस्ताद हायसा तुमी."

मगदूमांनी टोपली उचलली. दारापर्यंत गेले, परत आले. "मॅडम, माझा शब्द घ्या."

"कुणासाठीच नाही?"

"वस्तादांसाठी नाही केलं. आता सोफेवाल्यांना कुठल्या तोंडानं हो म्हणू?"

तो शब्द आमच्या गावात टिकला. मॅडम आता नाहीत, मगदूमांनी दवाखाना मुलीच्या हाती दिलाय, पण मांजराची नखं काढून द्या म्हणत कुणी आलंच तर त्याला दार एकच, बाहेरचं. वस्ताद त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि गेले ते झोपेत, म्हातारपणानं. बिजली त्यांच्या पायाशी होती, सगळी बोटं शाबूत.

पण त्या सकाळी आम्ही लगेच निघालो नव्हतो. मॅडमनी विश्वासला बोलावलं. "हिच्या अंगातली कुस्ती काही जाणार नाही," म्हणाल्या. "तिला लढायला काहीतरी द्यायला हवं. काठीला दोरी बांधा, दोरीला चिंधी. रोज थोडा वेळ तिच्याशी खेळा. हात तिच्या वाटेला जाऊ द्यायचा नाही. पण हे करायचं तुम्ही. आबांनी नाही, नाहीतर त्यांना राहवायचं नाही."

विश्वासनं काठीला दोरी बांधली, जुन्या धोतराची चिंधी अडकवली आणि कामावर जायच्या कपड्यांतच अंगणात उभा राहिला. चिंधी हलवली. बिजलीनं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यानं परत हलवली. ती जांभई देऊन मोकळी झाली.

वस्ताद बाजेवर बसून बघत होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं. मग राहवेना.

"आरं काठी हाय का केरसुनी? उबा काय ऱ्हायलायस ताठ? गुडघ्यात वाक!"

विश्वास गुडघ्यात वाकला.

"नजर कुटं तुजी? तिच्या खांद्याकडं बग. खांदा हलला की ती येनार. डोळ्याकडं बगू नको, डोळं फसवत्यात. हां. आता डावीकडनं दे. आरं डावीकडनं!"

चिंधी डावीकडून सरकली आणि बिजली बाणासारखी आली. विश्वास दचकून मागं पडला, मांडी घालून मातीतच बसला, आणि हसायला लागला. आदल्या दिवसापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं.

मगदूम माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "लहानपणी दमा होता याला. वस्तादांनी कधी मातीत उतरू दिलं नाही. आम्ही आत लढायचो आणि हा रोज संध्याकाळी तालमीच्या दारात बसून आत बघायचा. वस्तादांचा मुलगा, आणि त्याला एक डाव आला नाही."

मी अंगणाकडे पाहिलं. विश्वासच्या पॅन्टला गुडघ्यापर्यंत माती लागली होती, कानाशी केस पिकलेले, कामावर जायची वेळ कधीच टळून गेलेली. तो काठी सावरून उठला, गुडघ्यात वाकला आणि वळून वडिलांकडे बघत म्हणाला, "आबा, असं?"

"आसं न्हाई," वस्ताद म्हणाले. "परत."